घर, बिऱ्हाड आणि चार पिढ्या

घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द आज आपण बहुधा एकाच अर्थानें वापरतों. शंभर वर्षांपूर्वीं तसें नव्हतें. गिरगांवांत अगर परळांत राहणाऱ्या मराठी माणसास 'आपलें घर कोठें?' असें कोणी विचारलें म्हणजे तो राजापूर, चिपळूण, सावंतवाडी, सातारा असें उत्तर देई. आणि 'बिऱ्हाड कोठें?' असें विचारलें म्हणजे चाळीचें नांव व खोलीचा नंबर सांगे. पहिलें उत्तर वाडवडिलांकडून आलेलें असे. दुसरें दरमहा भाडें भरून टिकवावें लागे. आजच्या भाषणांत मला जें सांगावयाचें आहे, त्याचें मूळ या दोन उत्तरांमधल्या अंतरांत आहे.

हल्लीं घरोघरीं एक वाद ऐकूं येतो. आजोबा म्हणतात, "आम्हीं दहा बाय बाराच्या खोलींत आठ माणसांचा संसार केला, कोणाचें कर्ज काढलें नाहीं, आणि तुम्हां तिघांना तीन खोल्या पुरत नाहींत!" नातू म्हणतो, "आजोबा, तुमच्या वेळीं दादरला ब्लॉक कांहीं हजारांत मिळत होता. तेव्हां घेतला असतात तर आज मला वीस वर्षांचें कर्ज डोक्यावर घ्यावें लागलें नसतें." एकास दुसरा उधळ्या वाटतो, दुसऱ्यास पहिला अदूरदर्शी. दोघेहि हा वाद स्वभावाचा म्हणून घालतात, आणि म्हणूनच तो कडवट होतो. माझें म्हणणें असें कीं, यांत स्वभावाचा भाग थोडा. कायदा, कर्ज आणि कुटुंब यांच्या इतिहासाचा भाग फार मोठा आहे. ज्याला आपण काटकसर म्हणतों तो पुष्कळदां निरुपाय असतो. आणि ज्याला हांव म्हणतों तिचेंहि तसेंच आहे.

पणजोबांपासून आरंभ करूं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगाची सांथ आली आणि शहरांतील दाट वस्तीचें खरें स्वरूप सरकारच्या दृष्टीस पडलें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें कोंदट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवीन जमिनी आंखल्या. परंतु गरिबाला रुंद रस्त्यावर राहतां येत नाहीं. त्याला खोली लागते. गिरण्या वाढत होत्या, कोंकणांतून व घाटावरून माणसें येत होतीं, आणि खोल्यांचा तुटवडा होता तसाच राहिला. १९२० सालीं, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असतां, डेव्हलपमेंट खातें निघालें व पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यांत आला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावरच्या सर्वांना मिळून सामाईक. याच बी. डी. डी. चाळी.

सरकारी चाळींच्या कितीतरी आधींपासून गिरगांव, काळबादेवी, लालबाग या भागांत खासगी मालकांच्या चाळी होत्या. हातीं चार पैसे असलेल्या माणसानें चाळ बांधावी आणि तिच्या भाड्यावर स्वस्थ असावें, हा त्या काळचा भरंवशाचा धंदा होता. पुण्याच्या वाड्यांतहि हेंच लहान प्रमाणावर चाले. मालक माडीवर, आणि खालच्या सोप्यांत, परसांत, चौकाच्या कडेला चार-सहा भाडेकरूंचीं बिऱ्हाडें. भाड्यानें राहण्यांत कमीपणा आहे असें कोणाच्या मनांतहि येत नसे. मामलेदार भाड्यानें राहत, शाळामास्तर भाड्यानें राहत, वकीलहि राहत.

आतां त्या लहान खोलीविषयीं. ती लहान होती असें आपण म्हणतों तेव्हां एक गोष्ट विसरतों. सगळा संसार त्या खोलींत होतच नसे. म्हातारीं माणसें गांवीं असत. बाळंतपण माहेरीं होई. मुंजी, लग्नें, श्राद्धपक्ष हीं कार्यें गांवच्या घरीं होत. मे महिन्यांत मुलें बोटीनें कोंकणांत जात आणि खोली दीड महिना मोकळी होई. शहरांतहि पुरुषांची निजण्याची जागा गॅलरींत, मुलांच्या खेळाची चौकांत, वाचनाची सार्वजनिक वाचनालयांत, आणि एकट्या माणसाची जेवणाची खानावळींत. परळ-लालबागकडे तर एका गांवच्या पुरुषांनीं मिळून एक खोली घ्यावी, पाळीपाळीनें कामावर जावें व पाळीपाळीनें निजावें, अशी पद्धति होती. अशा खोलीला गांवाचीच खोली म्हणत. म्हणजे मुंबईची १६० चौरस फुटांची खोली कोंकणांतल्या ओटी, माजघर, पडवी आणि अंगण असलेल्या घराच्या आधारावर उभी होती. पणजोबांच्या घराचें माप घ्यावयाचें तर दोन्हीं जागांचें मिळून घेतलें पाहिजे. तसें घेतलें तर त्यांचें घर आपल्यापेक्षां मोठें भरेल.

पैसाहि त्याच दिशेनें जाई. दरमहा मनीऑर्डर गांवीं, कौलें बदलण्यास, सारा भरण्यास, बहिणीच्या लग्नास. मुंबईंत जागा विकत घेण्याचा विचार मनांत आला असता तरी तो कशाच्या बळावर अंमलांत आणावयाचा? घर गहाण ठेवून पैसे देणारा मनुष्य ओळखीचा होता, पण तो सावकार होता. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें रयतेनें सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, आणि १८७९ सालीं सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा करावा लागला. ज्या घराण्यांतील जमिनी अशा रोख्यांपायीं गेल्या, त्यांतील मुलें शहरांत कारकून झालीं तरी 'गहाण' या शब्दाचा धसका त्यांच्याबरोबर आला. कर्ज न काढण्याचा जो बाणा आपण आजोबांच्या तोंडून ऐकतों, त्यांत तत्त्वज्ञान किती आणि जुनी धास्ती किती, हें ठरविणें कठीण आहे. मला तरी धास्तीचें पारडें जड वाटतें.

या काळांत एक निराळा प्रयोग झाला, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक. सहकाराचा कायदा शेतकऱ्याला बीं-बियाण्यासाठीं कर्ज मिळावें म्हणून १९०४ सालीं झालेला. १९१२ च्या कायद्यानें त्याचें क्षेत्र वाढलें, आणि या मंडळींनीं त्याचा उपयोग शहरांत राहण्यासाठीं केला. योजना साधी होती. सभासदांनीं भागभांडवल जमवावयाचें, इमारत संस्थेच्या मालकीची, आणि सभासद त्याच संस्थेचा भाडेकरू. मालकहि तोच आणि भाडेकरूहि तोच. मुंबईंतील आजच्या हजारों सोसायट्यांचें मूळ येथें आहे. पण हा प्रयोग त्या वेळीं फार पसरला नाहीं, आणि त्याचें कारणहि उघड आहे. एकमेकांना ओळखणारी, शिकलेली, नियमित पगाराची लहानशी जमात होती म्हणून तो यशस्वी झाला. अशी एकजूट व असा पगार गिरणींतल्या माणसाजवळ नव्हता.

आतां आजोबांची पिढी. येथें कथा खरी वळण घेते, आणि तें वळण एका कायद्यानें दिलेलें आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१८ सालीं, मुंबईंत घरभाड्याच्या वाढीला आळा घालणारा कायदा प्रथम झाला. दुसरें महायुद्ध सुरू होतांच १९३९ सालीं तशीच तरतूद पुन्हां करावी लागली. आणि १९४७ सालीं मुंबई प्रांताचा भाडें-नियंत्रणाचा मोठा कायदा मंजूर झाला. त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं ज्या जागेचें जें भाडें होतें तेंच सामान्यतः तिचें प्रमाण भाडें ठरविलें, आणि भाडें भरणाऱ्या भाडेकरूला घराबाहेर काढणें मालकास जवळजवळ अशक्य करून ठेवलें. फाळणीमुळें निर्वासितांचे लोंढे शहरांत येत होते, सिमेंट व लोखंड दुर्मिळ होतें, महागाई होती. अशा वेळीं हा कायदा अवश्य होता याविषयीं मला शंका नाहीं. तो झाला नसता तर हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. परंतु तो तात्पुरता म्हणून आला आणि मुदतीमागून मुदत वाढवीत विसावें शतक संपेपर्यंत राहिला.

याचा परिणाम काय झाला तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, १९४० सालीं एका खोलीचें भाडें पंधरा रुपये होतें आणि भाडेकरूचा पगार साठ रुपये. पगाराचा चौथा हिस्सा भाड्यांत जाई. १९७० सालीं त्याच खोलींत राहणाऱ्या मुलाचा पगार सहाशें झाला. भाडें मात्र कर वगैरे मिळून पंधरा-वीसच्या आसपास. आतां पगाराचा तिसावा-चाळिसावा हिस्सा जातो. अशा माणसानें ती खोली सोडून, आयुष्याची पुंजी ओतून, बोरिवलीच्या रानांत ब्लॉक कां घ्यावा? कचेरी फोर्टांत, मुलांची शाळा गिरगांवांत, नळाचें पाणी दारांत, शेजारीपाजारी तीस वर्षांचे. न घेण्यांतच शहाणपण होतें. नातवाला जो आजोबांचा अदूरदर्शीपणा वाटतो तो वस्तुतः चोख हिशेब होता. फक्त त्यांतला एक आंकडा, म्हणजे जमिनीची पुढील किंमत, आजोबांच्या हातीं नव्हता. तो कोणाच्याच हातीं नव्हता.

दुसरा परिणाम याहून चमत्कारिक. कायद्यानें भाडेकरूला मालक केलें नाहीं, पण त्याच्या भाडेकरूपणालाच मिळकतीचें मोल आलें. पंधरा रुपयांची खोली सोडणारा मनुष्य नवीन येणाऱ्याकडून हजारों रुपये पागडी घेई, आणि मालक त्यांतला आपला हिस्सा घेऊन पावती नव्या नांवावर करून देई. १९४७ च्या कायद्यानें पागडी घेणें हा गुन्हा ठरविला होता. तरी मुंबईंत जागा बदलणाऱ्या पुष्कळांनीं ती दिली अगर घेतली. कायदेभीरु, सोवळ्या, एका पैचाहि हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबांतील पैशाचा सर्वांत मोठा व्यवहार असा पावतीशिवाय झाला, हें आपल्या सामाजिक इतिहासांतलें एक न बोललें जाणारें प्रकरण आहे. अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडें-नियंत्रण कायद्यानें पागडीला मान्यता दिली आणि दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा ठेवली. त्याआधीं, १९९७ सालीं, गोठविलेलें प्रमाण भाडें आतां न्याय्य राहिलेलें नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें होतें.

तिसरा परिणाम इमारतींना भोगावा लागला. मालकाला जिच्यापासून कांहीं मिळत नाहीं ती चाळ तो दुरुस्त करीत नाहीं. जिने कुजले, सज्जे खचले. १९६९ सालीं शासनानें जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं मंडळ स्थापण्याचा कायदा केला व उपकर बसविला. त्या उपकराखालीं मुंबई शहरांतील एकोणीस हजारांहून अधिक इमारती आल्या. पावसाळ्यांत एखादी जुनी इमारत कोसळल्याची बातमी आपण दरवर्षीं वाचतों. तिच्या पायाशीं १९४० चें भाडें गाडलेलें असतें. आणि चौथा परिणाम असा कीं, भाड्यानें देण्यासाठीं घर बांधणें हा धंदाच बसला. ज्यांना खोली मिळाली होती ते निर्धास्त झाले. जे उशिरां आले त्यांना भाड्याचें दार बंद झालें. मुलाचें लग्न झालें कीं त्याच खोलींत पडदा लावावयाचा, आणि दुसऱ्या मुलानें काय करावयाचें हा प्रश्न घरांत कोणी मोठ्यानें विचारावयाचा नाहीं.

त्या पिढीची शिल्लक मग जाई कोठें? सोनें, पोस्टाची बचत, प्रॉव्हिडंट फंड, १९५६ नंतर आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी. पण सर्वांत अधिक मुलांच्या शिक्षणावर. भाडें स्वस्त होतें म्हणून मुलगा इंजिनिअर झाला, मुलगी एम. ए. झाली. नातवानें घराचा हिशेब मागतांना हाहि जमेस धरावा.

पुण्यास हें वळण पाण्यानें आलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें व त्यापाठोपाठ खडकवासल्याचें धरण फुटलें, आणि मुठेच्या कांठच्या पेठांतील मातीचे वाडे कांहीं तासांत बसले. मालक आणि भाडेकरू एकाच रांगेंत निराधार झाले. त्यानंतर पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्यांना शासनानें शहराच्या कडेला जमिनी दिल्या. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी घर बांधलें नव्हतें अशीं कितीतरी कुटुंबें आपत्तीमुळें घरवालीं झालीं. 'घर पहावें बांधून' ही म्हण त्यांना अशा रीतीनें अनुभवास आली.

मुंबईंत याच सुमारास 'ओनरशिप' हा शब्द कानांवर पडूं लागला होता. भाड्यांत मिळकत नाहीं असें दिसतांच बांधणाऱ्यांनीं एकेक ब्लॉक विकावयास आरंभ केला. पैसे आगाऊ घ्यावयाचे, जागा वेळेवर द्यावयाची नाहीं, कागद अर्धवट ठेवावयाचे, असे प्रकार फार झाले तेव्हां १९६३ सालीं महाराष्ट्राचा ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. करार नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊं नये, आणि पुढें घेणाऱ्यांची सोसायटी करून द्यावी, असें बंधन त्यांत घातलें आहे. पार्ले, मुलुंड, ठाणें, डोंबिवली या बाजूस मराठी मध्यमवर्गाची जी नवी वसाहत झाली ती या व्यवस्थेंतून. ओनरशिप हें नांव मोठें. पण सभासदाच्या हातीं प्रत्यक्षांत येतो तो पन्नास-पन्नास रुपयांच्या कांहीं शेअरांचा दाखला. गांवदेवीची १९१५ ची कल्पनाच नव्या वेषांत आली होती. मात्र तेथें आधीं ओळख होती आणि मग इमारत झाली, येथें आधीं इमारत झाली आणि ओळख जिन्यांत व्हावयाची होती.

चाळ सुटूं लागली त्याच काळांत, १९५८ सालीं, पु. ल. देशपांडे यांचें 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपानें आलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. चाळीवर प्रेम करण्यास चाळीबाहेर पडण्याची वाट दिसावी लागते.

तरीहि वडिलांच्या पिढीच्या आरंभीं घर घेणें हें उतारवयाचें काम होतें. प्रॉव्हिडंट फंड हातीं आला, पत्नीचे पाटल्या-गोठ विकले, मेहुण्याकडून उसने घेतले, म्हणजे पंचावन्नाव्या-अठ्ठावनाव्या वर्षीं दोन खोल्या होत. अनेक ब्लॉकांचे पाये स्त्रीधनाचे आहेत आणि पाटीवर मात्र एकट्या यजमानांचें नांव आहे. १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन काढली. घरासाठींच कर्ज देणारी ही खासगी संस्था २०२३ सालीं आपल्याच बँकेंत विलीन झाली. पण तिनें जो फरक केला तो टिकून आहे. कर्ज देणारा आतां सावकार राहिला नाहीं. तो कचेरींत टेबलामागें बसून पगाराची पावती पाहूं लागला. घराचे कागद त्याच्याकडे ठेवावयाचे, हें 'गहाण'च. पण तो शब्द कोणी उच्चारला नाहीं. त्याऐवजीं 'हप्ता' हा शब्द आला. मूळ फारशींत सातावरून निघालेला, आठवड्याचा वाचक असा हा शब्द महिन्याच्या मानेवर कसा बसला हें भाषाशास्त्रज्ञांनीं सांगावें!

सरकारनेंहि हात दिला. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची प्राप्तिकरांतील वजावट १९९९ सालीं तीस हजारांवरून पंच्याहत्तर हजार, २००० सालीं एक लाख, २००१ सालीं दीड लाख आणि २०१४ सालीं दोन लाख रुपये झाली. ज्या गोष्टीला घरांत 'ऋण काढून सण' म्हणत, तिला सरकार बक्षीस देऊं लागलें. मग पंचावन्नाव्या वर्षाचें काम तिसाव्या वर्षावर आलें. हा बदल वरवर वयाचा दिसतो. वस्तुतः काळाच्या दिशेचा आहे. आजोबा गेल्या तीस वर्षांच्या शिलकींतून खर्च करीत. नातू पुढल्या वीस वर्षांच्या मिळकतींतून करतो. पन्नास लाख रुपये साडेआठ टक्के व्याजानें वीस वर्षांसाठीं घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारें ४३,४०० रुपये पडतो, आणि एकूण फेड एक कोटी चार लाखांवर जाते. म्हणजे मुदलाहून व्याजच अधिक. हें ऐकून आजोबांनीं कपाळावर हात मारणें साहजिक आहे. पण नातवापुढें आजोबांचा मार्ग खुला नाहीं. पंधरा रुपयांचें कायम भाडें त्याला कोणी देत नाहीं. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, आणि मुदत संपली कीं सामान बांधणें, हें त्याचें भाड्याचें घर. त्याला मालकीची हौस किती आणि दर अकरा महिन्यांनीं मुलाची शाळा दूर पडण्याची भीति किती, हेंहि विचारलें पाहिजे.

घराच्या आकाराचें उत्तरहि येथेंच सांपडतें. गांवचें घर आतां आधाराला नाहीं. म्हातारीं माणसें, बाळंतपण, आजार, पाहुणे, अभ्यास आणि अलीकडे कचेरीचें कामसुद्धां, सर्व एकाच छपराखालीं होणार. १९२० मध्यें जीं कामें चार जागीं वांटलेलीं होतीं तीं एका जागीं आलीं आणि जागेचें माप वाढलें. त्यांत मापाचीहि गंमत झाली. बांधणारे भिंती, जिना, लिफ्ट, दरवाजाबाहेरचा व्हरांडा सारें मोजून 'सुपर बिल्ट-अप' म्हणून विकूं लागले. २०१६ च्या रिअल इस्टेट कायद्यानें भिंतींच्या आंतली वापराची जागा, म्हणजे कार्पेट एरिया, सांगूनच विक्री करावी असें ठरविलें. आणि जागा वाढली तरी माणसें कमी झालीं. आठांच्या खोलींत वाढलेली आजी आज तीन खोल्यांत दुपारभर एकटी असते, हा हिशेब कोणत्याच चौरस फुटांत मांडतां येत नाहीं.

एक बाजू या वादांत सहसा निघत नाहीं. आजोबा आणि नातू भांडतात तेव्हां त्या घरांतील आत्या कोठें असते? १९४७ च्या कायद्याप्रमाणें भाडेकरू वारल्यावर त्याच्यापाशीं त्या वेळीं राहणाऱ्या कुटुंबियाला भाडेकरूपण मिळे. लग्न होऊन गेलेली मुलगी राहत नसे. जवळ राहिलेला मुलगा राहत असे. म्हणजे लाखों रुपये पागडीची खोली सामान्यतः मुलाकडे गेली. मालकीच्या घरांतहि १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला हिस्सा दिला खरा, पण कुटुंबाच्या राहत्या घराची वांटणी पुरुष वारसांनीं मागितल्यावांचून तिला मागतां येत नसे. तें कलम २००५ सालीं रद्द झालें. जवळजवळ पन्नास वर्षें मुलीला आपल्या हिश्शासाठीं भावाच्या मर्जीची वाट पाहावी लागली. आज दस्तावर पतीबरोबर पत्नीचें नांव घालण्याची चाल वाढली आहे, आणि २०२१ पासून महाराष्ट्रांत एकट्या स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्क्याची सूट आहे. नातवाच्या पिढीच्या कर्जाला पुष्कळ नांवें ठेवतां येतील. पण त्या कर्जाच्या कागदावर बाईची सही लागते, आणि मग घराच्या कागदावरहि येते, हें मला त्या पिढीचें मोठें काम वाटतें.

शेवटीं वरळीच्या त्या चाळींकडे पुन्हां जाऊं. ऑगस्ट २०२५ मध्यें तेथील पुनर्विकासांतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना देण्यांत आल्या. १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांचें मालकीचें घर, विनामूल्य. आतां दोन भावांची कल्पना करा. धाकटा चाळींतच राहिला. थोरल्यानें १९८५ च्या सुमारास फंड मोडून डोंबिवलीस दोन खोल्या घेतल्या, चाळीचा हक्क भावाला सोडला, आणि तीस वर्षें गर्दीच्या गाडींतून फोर्टांत जा-ये केली. त्या वेळीं नातेवाइकांनीं थोरल्याला कर्तबगार म्हटलें व धाकट्याला ऐदी. आज धाकट्याच्या नातवाचें घर वरळीस आहे आणि थोरल्याचा नातू ठाण्याच्या पलीकडे नव्या ब्लॉकाचे हप्ते भरतो आहे. दोन्हीं भावांनीं आपापल्या वेळीं मनापासून विचार करूनच काय तें केलें होतें.

गांवचें घर अजून आहे. त्याच्या घरपट्टीवर पणजोबांचें नांव आहे, खालीं वारस म्हणून लागलेलीं नांवें वीस-बावीस आहेत, आत्यांचींहि त्यांत आहेत, आणि सर्वांच्या सह्या एका कागदावर मिळणें दुरापास्त असल्यामुळें तें विकतां येत नाहीं. गणपतीपूर्वीं पंधरा दिवस दोन्हीं नातवांचे एकमेकांस फोन होतात, आणि यंदा किल्ली कोणाकडे आहे याची विचारपूस होते.